एक फळा, दोन गावे : सामाईक कार्यपटलाची जडणघडण

आमच्या अभ्यासवर्गाची बैठक दर रविवारी सकाळी भरते. सभागृहात वीस-पंचवीस विद्यार्थी असतात आणि नोकरी वा शिक्षणानिमित्त बाहेरगावी गेलेले पाच-सहाजण मोबाईलवरून बैठकीत सामील होतात. दोन वर्षांपूर्वी वाचनालयाच्या खोलीची नव्याने मांडणी करावयाची होती. कपाटे कोठे, टेबले कोठे, याचा आराखडा आम्ही खडूने फळ्यावर काढला. "हे कपाट इथे घ्या, ते टेबल तिकडे सरकवा" अशी तासभर चर्चा झाली आणि मांडणी सर्वानुमते ठरली, अशी नोंद इतिवृत्तात झाली. सुताराने कपाट बसविले तेव्हा ध्यानात आले की, आतल्या खोलीचे दार त्याला अडते आणि पूर्ण उघडत नाही. काम सभासदांच्या वर्गणीतून झालेले होते. पुढच्या रविवारी आमची एक विद्यार्थिनी, जी त्यावेळी परगावी स्थापत्य पदविकेच्या शेवटच्या वर्षाला होती, फोनवरून शांतपणे म्हणाली, "सर, मी त्या दिवशी तीनदा विचारलं, 'इथे' म्हणजे कुठे? दार कोणत्या बाजूला उघडतं? कोणी उत्तरच दिलं नाही. मला फळा दिसत नव्हता."

त्या बैठकीत नकाशा रीतसर वाचता येणारी ती एकटीच होती आणि नेमका तिलाच तो दिसत नव्हता. 'सर्वानुमते' हा शब्द इतिवृत्तात लिहिणारे आम्हीच. तेव्हापासून या विषयाचे जे वाचन आम्ही केले त्यातील उपयुक्त भाग सभासदांपुढे व विद्यार्थ्यांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ज्या पृष्ठावर अनेकांना एकाच वेळी लिहिता, काढता, खोडता आणि बोट दाखविता येते, मग ते एका खोलीत बसलेले असोत की दोन शहरांत, त्यास आपण येथे सामाईक कार्यपटल म्हणू. संगणकाच्या पडद्यावरचा फळाच तो. २०२० साली करोनाच्या टाळेबंदीत घरोघरी शाळा भरू लागल्या आणि अनेकांचा समज झाला की ही विद्या तेव्हाच जन्माला आली. वस्तुस्थिती तशी नाही. ९ डिसेंबर १९६८ रोजी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथील एका संगणक परिषदेत डग्लस एंगेलबार्ट यांनी सुमारे नव्वद मिनिटांचे प्रात्यक्षिक दाखविले. त्यांचा संगणक सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या मेन्लो पार्क येथे होता. तेथे बसलेला त्यांचा सहकारी पडद्याच्या कोपऱ्यात दिसत होता, त्याचा आवाज येत होता, आणि दोघेही एकच मजकूर पाहत त्यावर आपापला निर्देशक फिरवीत होते. माऊस नावाच्या उपकरणाची ओळख उपस्थितांपैकी बहुतेकांना त्याच दिवशी झाली. म्हणजे चेहरा, आवाज, मजकूर आणि बोट ही चारही अंगे त्या दिवशी एकत्र आली होती. पुढची पन्नास-पंचावन्न वर्षे गेली ती या चार अंगांचा एकमेकांशी मेळ कसा घालावयाचा हे शोधण्यात.

कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीची एक संशोधन संस्था होती. तेथे १९८० च्या दशकात 'कोलॅब' नावाची एक बैठकीची खोली तयार करण्यात आली. दोन ते सहा माणसांपुरती खोली, प्रत्येकापुढे एक संगणक, आणि भिंतीवर सर्वांना दिसेल असा मोठा पडदा. मार्क स्टेफिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे एक तत्त्व धरले : 'जे तुला दिसते, तेच मला दिसते.' याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'विझीविझ' असे गमतीदार नाव पडले. खडूच्या फळ्याचा गुण हाच की, तो सर्वांना सारखाच दिसतो. म्हणून संगणकाचा फळाही सर्वांना तंतोतंत सारखा दिसावा, असा हा विचार होता.

ऐकावयास सोपा वाटणारा हा नियम आचरणात अवघड ठरला. एकाने पान खाली सरकविले की सर्वांचे पान सरकते. प्रत्येकाचा निर्देशक प्रत्येकाच्या पडद्यावर फिरू लागला की, माशा घोंगावल्यासारखे होते. म्हणून १९८७ मध्ये त्यांनी स्वतःच लिहिले की नियम सैल केला पाहिजे; काही खिडक्या सार्वजनिक असाव्यात व काही खासगी, आणि प्रत्येकाला थोडे वेगळे पाहण्याची मुभा असावी. परंतु नियम सैल केला की दुसरी अडचण उभी राहते. तुमच्या पडद्यावर जे उजवीकडे आहे ते माझ्या पडद्यावर डावीकडे असेल, तर "त्या उजवीकडच्या मुद्द्याबद्दल बोलतोय" या वाक्याला काही अर्थ राहत नाही. फळ्याची अडचण 'इथे' या शब्दात असते ती अशी.

याच खोलीतल्या एका कार्यक्रमाची हकीकत आम्हास विशेष बोधप्रद वाटली. 'कॉग्नोटर' हा त्याचा नाव. लेख वा भाषण रचताना गटाने मुद्दे सुचवावेत, त्यांचा क्रम लावावा, यासाठी तो होता. प्रत्येकाने आपला मुद्दा आपल्या खासगी चौकटीत टंकावयाचा, पूर्ण झाला की तो सर्वांच्या पडद्यावर प्रकट व्हावयाचा. डेबोरा टाटर, ग्रेग फॉस्टर आणि डॅनियल बॉब्रो यांनी हा कार्यक्रम वापरणाऱ्या गटांचे बारकाईने निरीक्षण केले आणि १९९१ मध्ये निष्कर्ष मांडले. माणसे एकाच खोलीत, एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर होती, तरीही त्यांना एकमेकांचे बोलणे कळेनासे झाले. कोण कशाबद्दल बोलतो आहे हे समजेना. कारण असे की, रचनाकारांनी संभाषण म्हणजे टपालाने पार्सल पाठविणे असे मनात धरले होते. एकाने बांधून पाठवावे, दुसऱ्याने उघडून घ्यावे. प्रत्यक्षात माणूस बोलताना अर्धे वाक्य बोलतो, समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहतो, "म्हणजे तुमचं म्हणणं..." असे समोरचा विचारतो, मग पहिला आपले वाक्य दुरुस्त करतो. वाक्य दोघे मिळून पूर्ण करतात. फळ्यावर अक्षर उमटत असताना पाहणे हाही या देवघेवीचा भाग आहे, आणि पुरे झालेले अक्षर एकदम समोर आले की तो भाग हरवतो.

जॉन टँग यांनी हेच वेगळ्या बाजूने दाखविले. तीन-चार जणांचे गट टेबलावर मोठा कागद पसरून एखाद्या वस्तूची रचना करीत असताना त्यांनी चित्रफिती घेतल्या आणि प्रत्येक हालचाल मोजली. लिहिणे व काढणे यांच्या जोडीला हातवारे हा फार मोठा भाग निघाला. कागदावरच्या एकूण हालचालींपैकी सुमारे एक तृतीयांश हालचाली नुसते बोट दाखविणे, हवेत आकार काढणे, "हे असे फिरते" म्हणून मनगट वळविणे या स्वरूपाच्या होत्या. या हालचाली कागदावर काहीही मागे ठेवीत नाहीत. म्हणजे काढून झालेल्या आकृतीचा फोटो दूरच्या सहकाऱ्यास पाठविला तर तो एक तृतीयांश भाग वाटेतच गळतो. आमच्या फळ्याचा फोटोसुद्धा त्या दिवशी बैठकीनंतर सर्वांना पाठविला होता, हे येथे कबूल करतो.

टँग आणि स्कॉट मिनमन यांनी यावर १९९० मध्ये जो उपाय केला तो जुगाडू वाटावा असा साधा आहे. दोन ठिकाणी दोन आडवे पडदे, प्रत्येकाच्या वर एक कॅमेरा. पडद्याच्या काचेवर साध्या पुसता येणाऱ्या शाईच्या पेनाने काढावयाचे. वरचा कॅमेरा रेघा आणि हात दोन्ही टिपतो आणि दुसऱ्या ठिकाणच्या पडद्यावर दाखवितो. दोन आरसे समोरासमोर धरले की प्रतिबिंबांची न संपणारी रांग तयार होते, तसे होऊ नये म्हणून प्रकाश गाळणाऱ्या काचा बसविल्या होत्या. दूरचा हात आपल्या कागदावरून फिरताना दिसू लागला. उणीव एवढीच की, शाई ज्याच्या त्याच्या काचेवर असल्याने दुसऱ्याची रेघ पुसता येत नसे. ज्याने काढली त्यानेच पुसावी. काही कार्यकारिणींच्या बाबतीत ही उणीव न मानता सोय मानावी, असे आमचे मत आहे.

जपानमध्ये एनटीटी या दूरसंचार कंपनीच्या प्रयोगशाळेत हिरोशी इशी आणि मिनोरू कोबायाशी यांनी १९९२ मध्ये 'क्लिअरबोर्ड' सादर केला. कल्पना अशी की, दोघांच्या मध्ये मोठी पारदर्शक काच आहे. दोघेही तिच्यावर लिहितात आणि तिच्यातूनच एकमेकांना पाहतात. खरी काच असती तर एकाने लिहिलेले दुसऱ्यास उलटे दिसले असते, दुकानाच्या काचेवरची अक्षरे आतून उलटी दिसतात तसे. त्यांनी समोरच्या माणसाची प्रतिमाच आरशाप्रमाणे उलटी केली, त्यामुळे अक्षरे दोघांनाही सुलट दिसू लागली. फक्त उजव्या हाताने लिहिणारा डावखुरा दिसू लागला, पण त्याने कोणाचे अडले नाही. मोठा लाभ वेगळाच झाला. समोरचा माणूस आकृतीच्या कोणत्या भागाकडे पाहतो आहे हे त्याच्या डोळ्यांवरून कळू लागले. नदी ओलांडण्याचे कोडे सोडविताना विद्यार्थी चुकीच्या काठाकडे पाहत असला तर शिकविणाऱ्यास ते बोलण्याआधीच कळे. गणित शिकविणाऱ्या आमच्या सर्व शिक्षकांना हे कौशल्य वर्गात अवगत असते. विद्यार्थ्याची नजर कोठे अडली ते पाहून ते थांबतात. मोबाईलच्या पडद्यावरच्या टपालतिकिटाएवढ्या चेहऱ्यात ही नजर सापडत नाही.

चेहऱ्याची खिडकी एकीकडे आणि कामाची खिडकी दुसरीकडे, ही आजच्या बहुतेक बैठकांची मांडणी. बिल बक्स्टन या कॅनडातील अभ्यासकाने माणसाची जागा व कामाची जागा असा भेद १९९० च्या दशकाच्या आरंभीच केला होता आणि दोन्ही एकमेकांना चिकटून असाव्यात असा आग्रह धरला होता. पुढे त्यांनी तिसऱ्या जागेचीही भर घातली : निर्देशाची जागा, म्हणजे बोट दाखविण्याची. आमच्या बैठकीत पहिली अर्धीमुर्धी होती, दुसरी व तिसरी दूरच्यांसाठी मुळीच नव्हती.

आता खऱ्या अडचणीकडे येऊ. वरील सर्व साधने दोघांसाठी वा चौघांसाठी होती, आणि दोन्ही टोकांची परिस्थिती सारखी होती. आपल्याकडे एका टोकाला पंचवीस माणसे सभागृहात आणि दुसऱ्या टोकाला पाच माणसे पाच गावांत. हा असमतोल सर्वांत घातक आहे, कारण तो सभागृहातल्यांना जाणवतच नाही. ते एकमेकांकडे पाहून हसतात, कुजबुजतात, भुवया उंचावतात, आणि बोलण्याची पाळी डोळ्यांनी एकमेकांकडे देतात. दूरच्या माणसाला पाळी कधी आली हे कळत नाही. कळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. तो मध्येच बोलला तर उद्धट वाटतो, न बोलला तर त्याची संमती धरली जाते.

टोरांटो येथे ॲबिगेल सेलेन आणि बक्स्टन यांनी यावर 'हायड्रा' नावाचा उपाय केला. चौघांची बैठक असेल तर प्रत्येकाच्या टेबलावर तीन लहान संच. प्रत्येक संचात एक छोटा पडदा, एक कॅमेरा आणि एक ध्वनिवर्धक, एकेका माणसासाठी एकेक. तो माणूस प्रत्यक्ष आला असता तर ज्या जागी बसला असता त्या जागी तो संच ठेवावयाचा. त्याचा आवाज त्याच दिशेने येतो. तुम्ही त्याच्याकडे मान वळविली की, तुम्ही त्याच्याकडे वळलात हे इतरांनाही दिसते. सेलेन यांनी १९९२ मध्ये मोजमाप केले तेव्हा बोलण्याची पाळी, व्यत्यय वगैरे आकड्यांत या संचाने फारसा फरक पडला नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण एक गोष्ट घडली. हायड्रावर दोघांना बाजूला आपापसात बोलता आले, तर एकाच पडद्यावर चार चौकटी असलेल्या पद्धतीत ते जमले नाही. बाजूची कुजबुज ही बैठकीतील शिस्तभंगाची बाब मानली जाते, परंतु नवख्या विद्यार्थ्याला "हे काय चाललंय?" असे शेजाऱ्यास हळूच विचारता येणे हाच बैठकीत टिकून राहण्याचा मार्ग असतो. दूरच्याला शेजारीच नसतो.

खर्चाचे काय, असे सभासद विचारतील. आवाज आधी आणि चित्र नंतर, हे त्याचे उत्तर. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात अल्फोन्स चापानिस यांनी १९७० च्या दशकात जोड्यांना सुट्या भागांतून गाडी जोडणे यांसारखी कामे दिली. एकाकडे भाग, दुसऱ्याकडे सूचना. काहींना फक्त लिहून कळवावयाचे होते, काहींना बोलता येत होते, काहींना बोलता व पाहताही येत होते. बोलण्याची सोय मिळताच वेळ पुष्कळ कमी झाला. त्यात चेहऱ्याचे चित्र मिळविल्याने फारसा फरक पडला नाही. म्हणून जेथे महाजाल मंद आहे तेथे चेहरे बंद करावेत आणि तो वेग आवाजाला व फळ्याला द्यावा. आवाजातील विलंबाबाबत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचे मार्गदर्शन असे की, एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर संभाषण बहुधा सुरळीत चालते आणि ४०० च्या पुढे जाऊ देऊ नये. विलंब वाढला की, दोघे एकदम बोलतात, दोघेही थांबतात, पुन्हा दोघे एकदम बोलतात. यात स्वभावाचा दोष नसून तारेचा असतो, आणि आपण मात्र "तो मध्येच बोलतो" असे माणसाबद्दल मत बनवितो.

चेहरे बंद ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. १९८५ मध्ये झेरॉक्सच्या एका प्रयोगशाळेचे दोन भाग झाले, एक पालो आल्टोत व दुसरा सुमारे नऊशे किलोमीटर दूर पोर्टलंडमध्ये. दोन्हीकडच्या सामाईक बैठकीच्या जागा दृक्-श्राव्य तारेने सतत जोडून ठेवण्यात आल्या. ठरवून बैठक घेण्यापेक्षा जाता-येता सहज नमस्कार करणे, कोण आले कोण गेले हे कळणे, यासाठीच तिचा उपयोग अधिक झाला. पुढे इंग्लंडमधील केंब्रिज येथे अशाच व्यवस्थेत, कोणी तुमच्याकडे पाहू लागले तर दार उघडल्यासारखा आवाज येई, म्हणजे पाहणारा गुपचूप पाहू शकत नसे. टोरांटोच्या मंडळींनी पडद्यावर दाराचेच चित्र ठेवले : सताड उघडे, किलकिले, बंद. ज्याचे त्याने ठरवावे. आमचे कित्येक विद्यार्थी एका खोलीच्या घरातून बैठकीला बसतात. मागे आई स्वयंपाक करीत असते, धाकटी भावंडे असतात. "कॅमेरा चालू करा, नाहीतर हजेरी लागणार नाही" असा दंडक घालणे आम्हास अन्यायाचे वाटते. दार किती उघडावयाचे ते ज्याच्या घराचे आहे त्याच्याच हाती असले पाहिजे.

आता थोडे यंत्राच्या पोटात डोकावू. विद्यार्थी नेहमी विचारतात की, दोघांनी एकाच वेळी एकाच ओळीत लिहिले तर गोंधळ कसा होत नाही? टेक्सासमधील ऑस्टिन येथे क्लॅरेन्स एलिस आणि सायमन गिब्ज यांनी १९८९ मध्ये याचे जे उत्तर मांडले त्याच घराण्यातील पद्धती पुढे गुगल डॉक्ससारख्या साधनांत आल्या. उदाहरण घ्या. फळ्यावर 'सभा आहे' असे लिहिले आहे. संगणक यातील 'भा' ही दोन चिन्हे धरतो, भ आणि काना. सभागृहातल्याने आरंभी 'मोठी' हा शब्द व एक मोकळी जागा घातली. त्याच क्षणी दूरच्याने 'आहे'च्या आधी 'रद्द' घातले, म्हणजे त्याच्या यंत्राने आज्ञा पाठविली, "चौथ्या चिन्हानंतर घाल." पण ती आज्ञा सभागृहात पोहोचेपर्यंत तेथे आरंभी पाच चिन्हे वाढलेली असतात. आज्ञा आहे तशी पाळली तर 'रद्द' हा शब्द 'मोठी'ला चिकटून बसेल. म्हणून यंत्र आज्ञेतच बदल करते : चारमध्ये पाच मिळवून नवव्या चिन्हानंतर घालते. दोन्हीकडे 'मोठी सभा रद्द आहे' असेच वाचावयास मिळते. २०११ च्या सुमारास मार्क शापिरो आणि सहकाऱ्यांनी दुसऱ्या एका पद्धतीला रीतसर रूप दिले. मजकुराच्या बाबतीत त्या पद्धतीत प्रत्येक चिन्हाला कायमचा ओळखक्रमांक असतो, त्यामुळे जागा मोजण्याची गरजच उरत नाही आणि मधला मुख्य संगणक नसला तरी चालते.

मराठी लिहिणाऱ्यांनी येथे एक गोष्ट ध्यानी ठेवावी. 'क्षि' हे आपल्या दृष्टीने एक अक्षर. यंत्राच्या दृष्टीने चार चिन्हे : क, हलन्त, ष आणि वेलांटी. दोघेजण एकाच शब्दाची दुरुस्ती एकाच वेळी करू लागले तर नियमानुसार सर्व बरोबर जुळूनही शब्द मोडलेला दिसू शकतो. यंत्र चूक करीत नाही, पण मराठीही उरत नाही. म्हणून एका परिच्छेदावर एका वेळी एकानेच हात फिरवावा, हा साधा संकेत बरा. दुसरी आपत्ती जुन्या टंकांची. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, तरी छापखान्यांत अन्य पद्धतीचे टंक फार काळ चालत राहिले. त्यात टंकलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर निरर्थक चिन्हांची रांग होऊन उघडतो. स्मरणिकांच्या कामात ज्यांनी मुद्रिते तपासली आहेत त्यांना याविषयी अधिक सांगणे न लगे. मजकुराचे सर्व सामाईक काम युनिकोडमध्ये करावे आणि छापखान्यास हवा तो टंक अगदी शेवटच्या टप्प्यात करावा.

कोण उपस्थित आहे, कोण कोठे पाहतो आहे, कोण काय करतो आहे, हे न विचारता कळत राहणे यास कॅनडातील कॅल्गरी येथील कार्ल गटविन आणि सॉल ग्रीनबर्ग यांनी फार महत्त्व दिले. नावासहित हलणारे निर्देशक, आणि संपूर्ण फळ्याचा एक लहान नकाशा ज्यात प्रत्येकजण कोणत्या भागात आहे ते दिसते, ही त्यांनी अभ्यासलेली साधने. आजच्या सामाईक फळ्यांवर रंगीत बाण आणि त्यांच्या शेपटीला नावे दिसतात, ती हीच कल्पना. पण गोम अशी की, सभागृहातले पंचवीस जण भिंतीवरच्या एका पडद्याकडे पाहत असतील तर त्या पडद्यावर त्यांचा मिळून एकच बाण असतो, आणि त्याला नाव असते 'सभागृह'. दूरच्याला एक अनामिक गर्दी दिसते. म्हणून सभागृहातल्या निदान चार-पाच जणांनी आपापल्या मोबाईलवर तोच फळा उघडावा आणि आपल्या नावाने बोट दाखवावे. मात्र त्यांचे आवाज बंद असले पाहिजेत, नाहीतर एका खोलीतल्या दोन यंत्रांचा आवाज एकमेकांत शिरून कर्कश शीळ सुरू होते. हा अनुभव आम्ही पहिल्याच दिवशी घेतला.

एवढे करूनही व्यवस्था का मोडतात? जोनाथन ग्रुडिन यांनी १९८८ मध्ये एक कारण सांगितले ते आम्हास आजही सर्वांत खरे वाटते. जादा काम एकाला करावे लागते आणि लाभ दुसऱ्याला होतो. त्यांचे उदाहरण कार्यालयातील सामाईक दिनदर्शिकेचे होते : बैठक ठरविणाऱ्या वरिष्ठाची सोय व्हावी म्हणून प्रत्येक कर्मचाऱ्याने आपले दिवस भरत बसावयाचे. अर्थात ते कोणी भरीत नाही. आपल्या बैठकीतही खडूचा फळा सोडून पडद्यावर लिहिण्याचा त्रास सभागृहातल्याला, आणि लाभ दूरच्याला. दोन रविवार उत्साहाने चालते, तिसऱ्या रविवारी कोणीतरी उठून खडू हाती घेतो. ज्युडिथ व गॅरी ओल्सन यांनी २००० मध्ये दूरस्थ सहकार्याच्या अनेक वर्षांच्या अभ्यासाअंती जे घटक सांगितले त्यात यंत्रसज्जता हा एक. पण त्याच्याच पंक्तीला एकमेकांबद्दलची आधीची जाण, कामाची घट्ट वा सैल गुंफण, आणि सहकार्याची मनाची तयारी हे होते. यंत्र विकत मिळते, बाकीचे तीन नाहीत. जे काम सतत विचारविनिमय मागते ते एका ठिकाणी असलेल्यांनी करावे आणि सुटे करता येण्याजोगे दूरच्यांना द्यावे, अशा अर्थाची त्यांची शिफारस व्यवहारी आहे. परंतु ती आंधळेपणाने पाळली तर दूरच्यांच्या वाट्याला कायम टंकलेखनच येईल, हेही पाहिले पाहिजे.

साधन कोणते घ्यावे, याबाबत एकच इशारा. गुगलचा 'जॅमबोर्ड' नावाचा फळा पुष्कळ शाळांनी स्वीकारला होता. तो ३१ डिसेंबर २०२४ रोजी बंद झाला.  आम्ही आता महिन्याच्या शेवटच्या रविवारी सर्व फळ्यांच्या प्रती काढून वाचनालयाच्या संगणकात ठेवतो, आणि महत्त्वाच्या आराखड्यांची कागदावर छापील प्रतही.

आमच्या बैठकीत जे बदल केले ते फार नाहीत. खडूच्या फळ्यावर रोखलेला एक जुना मोबाईल तिपाईवर कायम उभा असतो, म्हणजे कोणी खडू उचललाच तरी हातासकट दिसतो. "इथे-तिथे" म्हणणाऱ्यास भिंतीचे वा दाराचे नाव घेऊन पुन्हा सांगावयास लावतात. हे काम आळीपाळीने एका विद्यार्थ्याकडे असते आणि त्याच रविवारी दूरच्यांचा शेजारीही तोच. त्याच्या मोबाईलवर ते हळूच विचारू शकतात आणि तो त्यांच्या वतीने हात वर करतो. चर्चा मताला टाकण्यापूर्वी आधी दूरच्यांची नावे एकेक करून पुकारतात, मग सभागृहाची. पहिल्या दिवशी यास वेळ लागतो म्हणून कुरकुर झाली. ज्येष्ठ सभासदांपैकी एका काकांनी घड्याळ लावून पाहिले. पाच नावांना साडेतीन मिनिटे लागली.

वाचनालयातील दुसऱ्या कपाटाचा आराखडा त्याच विद्यार्थिनीने परगावाहून सामाईक फळ्यावर काढला. सभागृहातल्यांनी खोलीत जाऊन टेपने मापे घेतली आणि तिच्या आकृतीत भरली. तिने दाराच्या उघडण्याचा पाव वर्तुळ आधी काढला आणि मग कपाट. काका म्हणाले, "बाई, ही गोल रेघ कशाची?" तिने बाण त्या रेघेवर नेऊन सांगितले, "काका, हे दार. हे इथपर्यंत येतं." पहिल्या कपाटाची एक बाजू सुताराने दोन इंच कापून दिली, दार आता उघडते, फक्त शेवटी थोडे घासते.